ब्रिटिश पासपोर्ट होता, तरी ब्रिटनचं दार बंद: १९६८ च्या कायद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९६८ चा हा कायदा नेमका काय होता?

त्याचं नाव कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायदा. तो १ मार्च १९६८ रोजी ब्रिटनमध्ये लागू झाला. त्याआधी ब्रिटिश सरकारने दिलेला पासपोर्ट ज्याच्या हातात असेल त्याला ब्रिटनमध्ये येण्यापासून कोणी अडवू शकत नव्हतं. या कायद्यानंतर पासपोर्ट पुरेसा राहिला नाही. धारक स्वतः, किंवा त्याच्या आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कोणीतरी एक ब्रिटनमध्ये जन्मलेलं किंवा तिथे नागरिक म्हणून नोंदलेलं असायला हवं, अशी अट आली. बाकीच्यांसाठी वर्षाला १,५०० व्हाउचर ठेवली गेली. एक व्हाउचर म्हणजे एक कुटुंबप्रमुख आणि त्याच्यावर अवलंबून असणारी माणसं.

कागदावर ही अट सगळ्या जगासाठी होती, पण ती केली होती केनियातल्या आशियाई, म्हणजे भारतीय उपखंडातून गेलेल्या, लोकांसाठी. त्या दिवसांत संसदेत बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

केनियातल्या भारतीयांकडे ब्रिटिश पासपोर्ट आले कुठून?

मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारी रेल्वे बांधायला १८९६ पासून ब्रिटिशांनी भारतातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यातले बहुतेक परतले, काही हजार तिथेच मरण पावले किंवा स्थायिक झाले. पण पुढे केनियात जो आशियाई समाज दिसतो तो मुख्यतः या मजुरांचा वंश नाही. रेल्वेमागोमाग स्वतःच्या खर्चाने गेलेले गुजराती दुकानदार, पंजाबी कारागीर आणि सरकारी कचेऱ्यांतले कारकून यांचा तो समाज. १९६२ च्या सुमारास त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती.

१९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने ब्रिटन आणि त्याच्या वसाहती मिळून एकच नागरिकत्व तयार केलं होतं. नैरोबीतला शिंपी आणि लंडनमधला बसचालक या कायद्यापुढे एकाच प्रकारचे नागरिक होते. तेव्हा हे फारसं कोणाला खटकलं नाही, कारण नैरोबीचा शिंपी खरोखरच सामान बांधून येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं.

१९६२ साली हुजूर पक्षाच्या सरकारने पहिल्यांदा राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. त्यातून वगळले होते ते ब्रिटनमध्ये जन्मलेले आणि ज्यांचा पासपोर्ट ब्रिटिश सरकारने दिला आहे ते. वसाहतीच्या सरकारने दिलेला पासपोर्ट चालत नव्हता. इथेच पेच आहे. १२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला आणि वसाहतीचं सरकारच उरलं नाही. त्यानंतर ज्यांनी केनियाचं नागरिकत्व घेतलं नाही त्यांना पासपोर्ट देऊ लागलं नैरोबीतलं ब्रिटिश उच्चायुक्तालय, म्हणजे थेट ब्रिटिश सरकार. स्वातंत्र्याआधी ज्या माणसाला निर्बंध लागू होता, स्वातंत्र्यानंतर तोच माणूस निर्बंधमुक्त झाला.

मग त्यांनी केनियाचं नागरिकत्व का घेतलं नाही?

काहींनी घेतलं. केनियात जन्मलेले आणि ज्यांच्या आईवडिलांपैकी एक जण तिथेच जन्मलेला आहे असे आपोआप केनियाचे नागरिक झाले. बाकीच्यांना अर्ज करायला दोन वर्षांची मुदत होती. दुहेरी नागरिकत्व चालत नव्हतं, म्हणजे अर्ज करणाऱ्याला ब्रिटिश नागरिकत्व सोडावं लागणार होतं.

बरेच जण थांबून राहिले. नव्या राज्यात आपलं काय होणार याचा अंदाज नव्हता, आणि हातातला पासपोर्ट हाच एक आधार होता. मुदतीच्या शेवटी ज्यांनी अर्ज केले त्यांतले अनेक अर्ज कचेरीत पडून राहिले. त्यांना 'कुंपणावर बसलेले' म्हणून केनियात आणि ब्रिटनमध्येही हिणवलं गेलं. मला ही टीका अन्यायाची वाटते. निवड करायला सांगायची, दोन्ही पर्याय कायदेशीर ठेवायचे, आणि माणसाने एक निवडला की त्यालाच दोष द्यायचा, याला काही अर्थ नाही.

लोक १९६८ च्या सुरुवातीलाच एवढ्या संख्येने का निघाले?

केनियाने १९६७ साली दोन कायदे केले. एकाने नागरिक नसलेल्यांना कामासाठी परवाना बंधनकारक केला, तो, ती नोकरी करायला केनियाचा नागरिक मिळत नसेल तरच मिळायचा. दुसऱ्याने नागरिक नसलेल्या व्यापाऱ्यांना ठराविक भागांबाहेर आणि ठराविक मालात धंदा करायला मनाई केली. बाजारपेठेत दोन पिढ्या दुकान चालवणाऱ्याला परवान्याचं नूतनीकरण होईल की नाही हे कळेना.

त्यात लंडनहून बातम्या येऊ लागल्या की दार बंद होणार आहे. पासपोर्टच्या जोरावर येणाऱ्या या लोकांवर निर्बंध घाला, अशी मागणी डंकन सँडिस आणि इनॉक पॉवेल यांच्यासारखे खासदार उघडपणे करत होते. दार बंद होण्याच्या भीतीने लोक आणखी घाईने निघाले, आणि त्यांची घाई पाहून दार बंद करण्याची मागणी आणखी वाढली. फेब्रुवारीत नैरोबीच्या विमानतळावर तिकिटासाठी झुंबड होती.

कायदा खरंच तीन दिवसांत झाला?

जवळपास. गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी २२ फेब्रुवारीला घोषणा केली. २७ तारखेला कॉमन्समध्ये विधेयकाचं दुसरं वाचन झालं, ३७२ विरुद्ध ६२ मतांनी ते पुढे सरकलं. दुसऱ्या दिवशी कलमवार चर्चा आणि तिसरं वाचन उरकलं. ते वर्ष लीप वर्ष होतं. २९ फेब्रुवारीला लॉर्ड्सचं सभागृह बसलं आणि रात्रभर बसून राहिलं. १ मार्चला राणीची संमती मिळाली.

एरवी अशा विधेयकाला महिने लागतात. मधल्या काळात समिती कलमं तपासते, संघटना निवेदनं देतात, वर्तमानपत्रांत चर्चा होते. इथे सरकारचं म्हणणं असं की वेळ दिला तर दार बंद होण्याआधी आणखी विमानं भरून येतील. तर्क बरोबर होता, पण घाईचं कारण सरकारनेच जाहीर घोषणा करून तयार केलं होतं.

आकडे पाहून चर्चा एकतर्फी झाली असं वाटतं. तसं नव्हतं. विरोधी मतं देणाऱ्यांत उदारमतवादी होते, सत्ताधारी मजूर पक्षातले बंडखोर होते आणि हुजूर पक्षाचेही काही जण होते: इयन मॅकलाउड, इयन गिलमोर, तेव्हा नवखे असलेले मायकेल हेसल्टाइन. दोन्ही मोठ्या पक्षांचे नेते मात्र विधेयकाच्या बाजूने होते, त्यामुळे निकालाची चिंता कोणालाच नव्हती. लॉर्ड्समध्ये फरक बराच कमी होता. तिथे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से विरोधात बोलले, आणि स्थलांतरितांच्या कल्याणासाठी सरकारनेच नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष तेच होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावं.

मॅकलाउड आणि सँडिस यांचा वाद कशाबद्दल होता?

या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत उद्बोधक भाग हाच वाटतो. दोघेही हुजूर पक्षाचे. मॅकलाउड १९५९ ते १९६१ वसाहतमंत्री होते, केनियाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी त्यांच्या काळात सुरू झाल्या. सँडिस हे १९६३ मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष स्वातंत्र्याच्या वेळी त्याच खात्याचे मंत्री होते. केनियाच्या राज्यघटनेवर ब्रिटनच्या बाजूने सह्या होत होत्या तेव्हा खुर्चीत सँडिस होते. आणि १९६८ मध्ये निर्बंधांसाठी सर्वांत मोठा आवाज सँडिस यांचाच.

सँडिस म्हणत की आशियाई लोकांना ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क द्यायचा हेतू कधीच नव्हता, कायद्यातल्या एका फटीतून तो निर्माण झाला. मॅकलाउडनी त्यांना 'स्पेक्टेटर' साप्ताहिकातून उघड पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: घटना स्पष्ट आहे, संसदेच्या कामकाजाची नोंद स्पष्ट आहे, कायदे स्पष्ट आहेत. मी शब्द दिला होता, मनापासून दिला होता, आणि मला तो पाळायचा आहे.

इतिहासकारांत अजून मतभेद आहेत. १९६३ साली मंत्र्यांनी परिणाम ओळखून हा हक्क ठेवला, की परिणाम कोणी पाहिलाच नाही? माझ्या मते अधिकाऱ्यांना परिणाम ठाऊक होता आणि तो घडणार नाही अशी आशा होती. सरकारं बरेचदा अशा आशेवर चालतात. पण हक्क 'चुकून' दिला असं म्हटलं तरी तो कागदावर होता आणि लोकांनी त्यावर आपलं आयुष्य आखलं होतं.

कायद्यात रंगाचा किंवा वंशाचा उल्लेख होता का?

नव्हता. सगळं काम आजोबांनी केलं.

केनियात स्थायिक झालेल्या गोऱ्या शेतकऱ्याचा आजोबा बहुधा स्कॉटलंड किंवा यॉर्कशायरमध्ये जन्मलेला असायचा, त्याचं दार उघडं राहिलं. त्याच रस्त्यावरच्या आशियाई दुकानदाराचा आजोबा जामनगर किंवा जालंधरचा. पासपोर्ट दोघांचा एकाच कचेरीतून निघालेला, एकाच रंगाचा. कोणी बोट दाखवलं की 'यात वंशाचा शब्दही नाही' असं म्हणण्याची सोय होती. तरी अपवाद होतेच. काही गोऱ्यांनाही हा नियम लागला, आणि सरकार त्यांचीच उदाहरणं द्यायचं.

आतल्या बैठकांत भाषा वेगळी होती. त्या काळची मंत्रिमंडळाची कागदपत्रं ३० वर्षांनी खुली झाली, त्यात राष्ट्रकुल मंत्री जॉर्ज टॉमसन यांनी हे विधेयक तत्त्वतः चुकीचं आणि उघडपणे वर्णभेदी आहे असं सहकाऱ्यांना सांगितल्याचं दिसतं. मंत्रिमंडळाचा निर्णय झाल्यावर तेही सरकारसोबतच राहिले.

सरकारची बाजू अगदीच लंगडी होती का?

नाही, आणि ती नीट मांडायला हवी. कॅलहन यांचा मुद्दा असा की शाळा, घरं आणि नोकऱ्या यांच्यावर आधीच ताण आहे. केनियाबाहेर इतर जुन्या वसाहतींतही असे पासपोर्टधारक आहेत. आणि सगळे एकदम आले तर इथे आधीपासून असलेल्या कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांनाच सर्वांत जास्त फटका बसेल. सरकारने माल्कम मॅकडोनाल्ड यांना नैरोबीला पाठवून केनियाचे राष्ट्राध्यक्ष केन्यात्ता यांचं मन वळवण्याचाही प्रयत्न केला, तो फुकट गेला.

शिवाय मजूर पक्षाच्या मनात १९६४ ची जखम ओली होती. स्मेथिक मतदारसंघात परराष्ट्रमंत्री व्हायला निघालेले पॅट्रिक गॉर्डन वॉकर, स्थलांतरितांविरोधी प्रचार झालेल्या निवडणुकीत पडले. १९६२ च्या कायद्याला विरोधात असताना याच पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी त्याला क्रूर म्हटलं होतं. सहा वर्षांत त्याच पक्षाने त्याहून कडक कायदा केला.

ताणाचा मुद्दा खरा मानला तरी एक प्रश्न उरतो: ज्यांना तुम्ही आपले नागरिक म्हटलं, दुसरं कोणतंही नागरिकत्व नाही, त्यांनी जायचं कुठे? याला त्या तीन दिवसांत सरकारकडून धड उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी अल्पसंख्याकांच्या हक्कांचाही कायदा झाला, तो कसा?

मजूर पक्षाचं सूत्र असं होतं की प्रवेश मर्यादित ठेवायचा, आणि जे आत आले त्यांना समान वागणूक द्यायची. रॉय हॅटर्स्ली यांनी ते १९६५ मध्ये मांडलं होतं: एका गोष्टीशिवाय दुसरी चालत नाही. म्हणून १९६५ च्या पहिल्या वंशसंबंध कायद्यानंतर १९६८ मध्ये दुसरा आला. पहिल्याने फक्त हॉटेल, वाहतूक अशा सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा केला होता. दुसऱ्याने घर भाड्याने देणं, नोकरी, सेवा यांनाही कक्षेत आणलं. 'काळ्यांना जागा नाही' अशी पाटी लावणं आता बेकायदा होतं.

२३ एप्रिलला त्याचं दुसरं वाचन होतं. तीन दिवस आधी, २० तारखेला, पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतराविरोधातलं, पुढे 'रक्ताच्या नद्या' म्हणून कुप्रसिद्ध झालेलं भाषण केलं. हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, तर लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेलच्या बाजूने संसदेवर मोर्चा नेला. विधेयक तरीही मंजूर झालं.

मला हे सूत्र सुरुवातीपासून अडचणीचं वाटतं. दोन्ही कायदे जोडीने आणले की हक्क ही भरपाई ठरते: 'तुमच्या भावंडांना अडवतो, त्याबदल्यात तुमचं रक्षण करतो.' आणि फेब्रुवारीत राज्यच नागरिकांना वंशावरून वेगळं करत असेल, तर एप्रिलमध्ये घरमालकाला 'तू तसं करू नकोस' असं सांगायला त्याच्याकडे फारसं तोंड उरत नाही.

कॉमन्समध्ये कोणी आशियाई खासदार होता का, जो या लोकांची बाजू मांडेल?

एकही नव्हता. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये, मंचरजी भावनगरी १८९५ मध्ये आणि शापूरजी साकलतवाला १९२२ मध्ये निवडून आले होते, पण ती परंपरा १९२९ ला साकलतवाला पडल्यावर खंडित झाली. पुढे १९८७ मध्ये कीथ वाझ आणि तीन कृष्णवर्णीय खासदार आले.

व्हाउचर नसताना जे विमानात बसले त्यांचं काय झालं?

अनेकांना उतरल्यावर परत पाठवलं गेलं. दुसरा देश घेत नाही म्हणून तोही परत पाठवायचा, आणि माणूस महाद्वीपांत फिरत राहायचा. वर्तमानपत्रांनी याला बॅडमिंटनच्या शटलकॉकचं नाव दिलं. काहींना हीथ्रोवरून थेट कोठडीत नेलं. पत्नी ब्रिटनमध्ये आणि पती नैरोबीत, अशीही कुटुंबं विखुरली.

भारतानेही या ब्रिटिश पासपोर्टधारकांसाठी दार सहज उघडं ठेवलं नाही. दिल्लीचं म्हणणं असं की हे लोक ब्रिटनची जबाबदारी आहेत, आणि आपण घेतले तर ब्रिटन त्यातून सुटेल. भूमिका तर्कशुद्ध होती, पण विमानतळावर अडकलेल्याला तर्काचा उपयोग नव्हता.

न्यायालयात याला आव्हान दिलं नाही का?

ब्रिटनमध्ये संसदेच्या कायद्याला रद्द करणारं न्यायालय नाही, घटनेतला मूलभूत हक्कांचा भाग नाही. म्हणून प्रकरण स्ट्रासबर्गला, युरोपच्या मानवी हक्क यंत्रणेकडे गेलं. स्वतःच्या देशात प्रवेशाचा हक्क देणारा करार ब्रिटनने मान्य केला नव्हता, त्यामुळे अर्जदारांच्या वकिलांना वळसा घालावा लागला: एका वंशाला जाहीरपणे वेगळं काढून अपमानित करणं म्हणजेच मानहानीकारक वागणूक.

मानवी हक्कांच्या युरोपीय आयोगाने १९७३ मध्ये पंचवीस अर्जदारांच्या बाबतीत हे म्हणणं मान्य केलं. पण निर्णय सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या समितीकडे गेला, तिथे आवश्यक दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. अहवाल १९९४ पर्यंत दडलेलाच राहिला. सरकारं एकमेकांवर निकाल द्यायला बसतात तेव्हा कोणी कोणावर बोट ठेवत नाही, याचं हे एक चांगलं उदाहरण आहे.

१९७२ मध्ये मग ब्रिटनने युगांडातल्या लोकांना का घेतलं?

ऑगस्टमध्ये इदी अमीन यांनी आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. पंतप्रधान हीथ यांनी जबाबदारी स्वीकारली आणि सुमारे २७,००० लोक ब्रिटनमध्ये आले. सगळ्यांना ते आवडलं नाही. लेस्टर शहराच्या परिषदेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन 'इकडे येऊ नका, जागा नाही' असं कळवलं. जाहिरातीने शहराचं नाव आणखी पसरलं, आणि बरेच जण तिथेच गेले.

कायदा मात्र सैल झाला नाही. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याने वंशजतेची अट कायमची घट्ट केली. तो लागू झाला १ जानेवारी १९७३ ला, म्हणजे ब्रिटन युरोपीय समुदायात गेला त्याच दिवशी. सकाळपासून फ्रेंच किंवा इटालियन कामगार मोकळेपणाने येऊ शकत होता, मोंबासाचा ब्रिटिश पासपोर्टधारक रांगेतच उभा होता.

ऋषी सुनक, प्रीती पटेल, सुएला ब्रेव्हरमन यांची कुटुंबं याच इतिहासातून आली ना?

हो. सुनक यांचे वडील केनियात आणि आई टांगानिकात जन्मली. पटेल यांचे आईवडील युगांडातून आले. ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातून १९६८ मध्येच आले. पटेल गृहमंत्री असताना एप्रिल २०२२ मध्ये आश्रय मागणाऱ्यांना रुआंडाला पाठवण्याची योजना जाहीर झाली. ती त्यांच्यानंतर गृहमंत्री झालेल्या ब्रेव्हरमन यांनी पुढे रेटली, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बेकायदा ठरवल्यावर सुनक सरकारने संसदेकडून रुआंडा सुरक्षित देश आहे असा कायदाच करून घेतला.

यातून 'दुटप्पीपणा' हाच एक निष्कर्ष निघतो असं मला वाटत नाही. आपण नियमाने आलो, इतरांनीही नियमाने यावं, हा विचार स्थलांतरितांच्या पुढच्या पिढीत प्रामाणिकपणे आढळतो. अडचण एवढीच की नियम कोणाच्या दिवशी बदलतो हे नशिबावर असतं. फेब्रुवारीत विमानात बसलेला आणि मार्चमध्ये बसलेला यांच्यात दुसरा फरक नव्हता.

हा कायदा आजही लागू आहे का?

नाही. १९७१ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने अशा उरलेल्या लोकांना 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' असा वेगळा दर्जा दिला. पासपोर्ट मिळायचा, ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. २००२ मध्ये डेव्हिड ब्लंकेट गृहमंत्री असताना केलेल्या दुरुस्तीने, ज्यांच्याकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचं नागरिकत्व नाही आणि ज्यांनी ते स्वतःहून सोडलेलं नाही, त्यांना पूर्ण नागरिक म्हणून नोंदणी करण्याची मुभा मिळाली. ती ३० एप्रिल २००३ पासून अमलात आली. तोवर १९६८ मध्ये चाळिशीत असलेले पंच्याहत्तरीला पोचले होते.